अण्णांच्या पंख्याचं टोपण

पावसाळ्यात आंबा घाट एकदा तरी बघावाच, असं सांगणारे मला आजवर पुष्कळ भेटले. मी तो बघितला. पण छपराला पाडलेल्या एका चौकोनी भोकातून, वर तोंड करून आणि हातात बादली धरून बघितला. त्यामुळे दरी, धबधबे वगैरेंचं वर्णन ज्यांना हवं असेल त्यांनी ते दुसरीकडे वाचावं. माझ्या वाट्याला घाटापेक्षा टोपणच जास्त आलं. कसलं टोपण, ते सांगते.

आमचे हे शिवाजी पेठेत वेल्डिंगचं दुकान चालवतात. सगळी पेठ त्यांना बापू म्हणते, तेव्हा इथं मीही बापूच म्हणते. ऊस वाहायच्या ट्रॉल्या जोडून देणं हा मुख्य धंदा. नव्वदनंतर कधीतरी एक परदेशी जोडपं मोटारीमागं आपलं छोटंसं घरच जोडून गोव्याकडे चाललं होतं. त्याचा जोड तुटला आणि कुणीतरी त्यांना बापूंच्या दुकानात आणून सोडलं. आत पलंग, ओटा, कपाटं, सगळा संसार. दुसरा कुणी ते बघून थक्क झाला असता. बापू थक्क झाले ते छपरातल्या पंख्यानं. आतली कोंदट हवा वर ओढून बाहेर टाकणारा पंखा, आणि त्यातून पाऊस आत येऊ नये म्हणून वर बसवलेलं टोपण. ते जोडपं जोड डकवून घेऊन गेलं, टोपण मात्र बापूंच्या डोक्यात मुक्कामाला राहिलं. पुढं कित्येक वर्षं जेवता जेवता हे भाकरीच्या चतकोरावर वाटी पालथी घालायचे आणि म्हणायचे, "असं असतंय बघ. हवा जात्या, पाणी येत न्हाय." मी म्हणायचे, "आमटी सांडली."

माझे मोठे दीर, अण्णा, यांचा उभा जन्म ओतकामाच्या भट्टीवर गेला. साच्याच्या वाळूची धूळ छातीत बसली ती बसलीच. दोन हजार तीन-चारच्या सुमाराला त्यांची अवस्था अशी होती, की चार पावलं टाकली की धाप लागायची, उदबत्तीचा किंवा डिझेलचा वास आला की खोकल्याची उबळ यायची आणि दार लावलेल्या खोलीत जीव घाबरा व्हायचा. झोपायचे तेसुद्धा पाठीला उशा लावून, अर्धवट बसून. त्यांची एकुलती एक मुलगी सुरेखा. आई लहानपणीच गेली, अण्णांनीच वेणीफणी करून तिला वाढवलं. ती घाटाखाली दिली होती, पालीच्या अलीकडं एका वाडीत. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण आई नाही आणि माझा दिवस अण्णांच्या दुखण्यात जायचा, मग माहेरी करणार कोण? ते सासरीच झालं. मुलगी झाली. बारशाचा दिवस ठरला आणि अण्णांनी हट्ट धरला, की नातीला एकदा मांडीवर घ्यायचं.

"पाऊस सरला की जाऊया की," मी म्हणाले.

"पाऊस सरंल गं," अण्णा म्हणाले. "मी सरायच्या आत जायाला पायजे न्हवं?"

डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, प्रवास टाळलेला बरा. पण पुढं ढकलायला सांगायचं धाडस मी करणार नाही, असंही तेच म्हणाले. एसटीत त्यांना बसवणार कसं, आणि जीपमध्ये ताठ बसवून ठेवणार किती वेळ? मग काय, बापूंना जन्माचं निमित्त मिळालं. एका ट्रॉलीचा सांगाडा, त्यावर प्लायवूड आणि पत्र्याचं घर, आत पलंग, दोन बाजूंना सरकत्या काचांच्या खिडक्या आणि छपरात मारुतीच्या रेडिएटरचा पंखा, बॅटरीवर चालणारा. पंखा चालू केला की आतली हवा खरोखरच वर ओढली जायची. अण्णा पहिल्यांदा आत जाऊन बसले आणि बराच वेळ खोकले नाहीत. तेव्हा माझ्याही मनात आलं, की ह्या माणसाला मी उगाच बोलत आले.

हे मत निघायच्या सकाळपर्यंत टिकलं.

निघताना

टोपण तेलाच्या पत्र्याच्या डब्याचं केलं होतं. हवा जायला त्याच्या एका बाजूला तोंड ठेवलं होतं आणि ते तोंड पुढं, जीपच्या दिशेला होतं.

"अहो, पाऊस समोरनं येणार," मी म्हणाले. "तोंड मागं नको का?"

"हवा कुठनं येत्या? पुढनं. मग तोंड पुढंच पायजे की. तुझं तोंड मागं हाय व्हय?"

तोवर पेठ गोळा झाली होती. आमच्याकडं एखादी वस्तू बघणं म्हणजे ती हाताळणं. एकानं टोपण हलवून बघितलं, दुसऱ्यानं त्यावर बुक्की मारून आवाज ऐकला, तालमीतल्या एकानं टपावर चढून उड्या मारल्या आणि खाली उतरून "मजबूत हाय" असा निकाल दिला. कुणी जोडाला लिंबू-मिरची बांधली. आत अण्णा उशांना टेकून बसले होते. प्रत्येक उडीबरोबर त्यांच्या अंगावर प्लायवूडचा भुसा पडत होता.

मी अण्णांच्या सोबतीला मागं, बापू पुढं जीपमध्ये. काही लागलं तर कळवायचं कसं? म्हणून बापूंनी आतून एक दोरी जीपपर्यंत नेली होती आणि तिच्या टोकाला देवळातल्यासारखी घंटा बांधली होती. दोरी ओढली की घंटा वाजणार. फक्त एवढंच, की खड्डा आला तरी ती वाजायची. रंकाळा मागं पडायच्या आत ती इतक्या वेळा वाजली, की बापूंनी तिच्याकडं लक्ष देणं सोडून दिलं.

वाघबिळाच्या वळणाला पावसानं गाठलं. गाडी पळत होती, पाऊस समोरून येत होता, आणि टोपणाचं तोंड आ वासून तो सगळा गोळा करून आत सोडत होतं. त्यात पंख्याची पाती फिरत असल्यामुळे पाणी नुसतं पडत नव्हतं, चारी बाजूंना उडत होतं. मी घंटा वाजवली. पुन्हा वाजवली. दोरीला लोंबकळले. जीप आपली मजेत चालली होती. अण्णांची गादी भिजली, माझं लुगडं भिजलं, आणि सुरेखासाठी नेत असलेला बाळंतविडाही भिजला. मी चार आठवडे डोळे फोडून शिवलेली अंगडी-टोपडी, कुंची, दुपटी ओली गच्च. डिंकाच्या लाडवांच्या डब्याचं झाकण उडालं होतं. उघडून बघितलं तर सगळ्या लाडवांचा मिळून एकच लाडू झालेला.

"पंखा बंद करू का?" मी अण्णांना विचारलं.

त्यांनी मान हलवली. "भिजलेलं वाळतंय. पंखा राहू दे."

बांबवडे

बांबवड्याच्या स्टँडजवळ चहासाठी गाडी थांबली, तेव्हा मी खाली उतरून बापूंना जे काही बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. ते ओशाळले असतील म्हणावं, तर तेवढ्यात चहाच्या टपरीतले पाच-सहाजण हातातले कप ठेवून बाहेर आले.

"पावणं, ह्येचं तोंड उलटं बसलंय की," एकजण म्हणाला.

"मुद्दाम बसवलंय," बापू म्हणाले.

घोंगडीची खोळ घेतलेल्या एका म्हाताऱ्यानं माझ्याकडं नीट बघितलं. माझ्या पदरातून पाणी ठिबकत होतं. "मग ह्या बाईपण मुद्दाम भिजल्यात व्हय?"

लोक हसले, बापूही हसले. हसता हसता दोघेजण टपावर चढले. ना विचारणं, ना काही. स्क्रू काढले, टोपण फिरवलं, तोंड मागं केलं. पण एवढ्यावर थांबतील तर ते आमच्याकडचे लोक कसले? एकाला कडेला बारीक फट दिसली. त्यानं सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या आणून फटी बुजवल्या. दुसऱ्याला ते तोंडच जास्त मोठं वाटलं; त्यानं पक्कडीनं पत्रा वाकवून ते निम्मं केलं. तिसरा म्हणाला, कशाला पायजे तोंड, बंदच करा की. बापू खाली उभे राहून "आणि जरा डावीकडं, हां, मर्दा, भारी" असं म्हणत होते. ते ह्या माणसांना जन्मात पहिल्यांदा भेटले होते.

मला सगळ्यात राग कशाचा आला सांगू? आत बसलेल्या माणसासाठी हे सगळं चाललं होतं, आणि त्या माणसाला एकानंही विचारलं नाही, की बाबा, तुला कसं वाटतंय. पंखा चालू करून बघितला तर आवाज बदललेला होता. पूर्वी तो मोकळा घोंगावायचा, आता दबून गुरगुरत होता. हवा जायला जागाच कमी राहिली होती. हे मी सांगितलं. "पाणी येत न्हाय न्हवं?" असं उत्तर मिळालं. टपरीवाल्यानं कुणालाच पैसे देऊ दिले नाहीत आणि वर भज्यांचा पुडा जीपमध्ये टाकला. म्हणजे रागावायची पण सोय नाही.

मलकापूर

मलकापूरच्या अलीकडं आकाराम राहतात. बापूंचं जुनं गिऱ्हाईक. त्यांच्या उसाच्या ट्रॉल्या आमच्याच दुकानातल्या. घाटात धुकं आहे, आज जेवून इथंच राहा, सकाळी उतरा, असा त्यांचा निरोप आधीच आला होता. अंगणात गाडी लागली तेव्हा दुपार झाली होती आणि शाहूवाडीकडचा तो पाऊस एका लयीत, घाई न करता पडत होता. तो एकदा असा लागला की दिवस-दिवस थांबत नाही.

घरात चुलीचा धूर होता, म्हणून अण्णा म्हणाले, मी इथंच बसतो. पाऊस तिरका येत होता, त्यामुळे एका बाजूची खिडकी लावावी लागली. दुसरी मी चार बोटं उघडी ठेवली, पंखा चालू ठेवला, दोरी त्यांच्या हाताशी दिली आणि आत गेले.

जेवायला खेकड्याचा रस्सा होता. पावसाळ्यात ओढ्याला धरलेली काळी खेकडी, वरवंट्यावर वाटलेला मसाला, नाचणीची भाकरी आणि कुरडूची भाजी. आकारामची बायको शालन पानावरून उठू देत नव्हती. आमच्या शहरात मटणाच्या रश्श्याचं फार कौतुक, पण खरं सांगते, त्या रश्श्यापुढं ते सगळं फिकं. खेकडा खायचा म्हणजे निवांतपणाचं काम. नांगी फोडा, चोखा, बोटं चाटा. "वाढ गं, वहिनीस्नी वाढ," असं म्हणत आकाराम स्वतः मात्र मध्येच उठून बाहेर गेले. बऱ्याच वेळानं भिजून परत आले आणि चेहऱ्यावर समाधान घेऊन पानावर बसले.

"तुमच्या त्या गाडीचं काम केलं," ते म्हणाले. "आता थेंब आत गेला तर मिशी उतरून देतो."

"काय केलासा?" बापूंनी कौतुकानं विचारलं.

"निळा कागूद टाकला. गवताच्या गंजीला टाकतो तसा. वरनं, चारी बाजूनं, आणि दोरीनं आवळून बांधला बघा."

"वा!" बापू म्हणाले.

माझ्या हातात नांगी होती. बाहेर कुठंतरी घंटा वाजत होती, मघापासूनच वाजत होती. सकाळपासून ती ऐकून ऐकून माझेही कान निर्ढावले होते. मग एकदम लक्षात आलं, की गाडी तर उभी आहे. उभ्या गाडीची घंटा कशी वाजेल?

मी उष्ट्या हातानं धावले. अंगणात ट्रेलरच्या जागी निळ्या प्लॅस्टिकचा एक गठ्ठा उभा होता, दिवाळीच्या फराळाच्या पुड्यासारखा बांधलेला. दार त्याच्या आत, खिडकी त्याच्या आत, टोपण त्याच्या आत. गाठी ओल्या, सुटेनात. शालनताई मागून विळा घेऊन आल्या आणि त्यांनी तो कागद उभा फाडला. मी दार ओढलं. अण्णा पलंगाच्या कडेला पुढं वाकून बसले होते, एका हातात दोरी, दुसरा हात गुडघ्यावर दाबलेला. ओठ काळेनिळे. बोलता येत नव्हतं. डोळे मात्र दाराकडंच लागलेले. पंखा वर बिचारा फिरत होता, पण फिरून फिरून हवा टाकणार कुठं?

बापूंनी त्यांना उचलून पडवीत आणलं, पाठीमागून धरून बसवलं. पाऊस त्यांच्या पायांवर पडत होता, तो कुणी अडवला नाही. एक एक श्वास विहिरीतून ओढून काढावा तसा येत होता. ती जी काही मिनिटं गेली, त्या मिनिटांत मी सगळ्यांना तोंडाला येईल ते बोलले. बापूंना बोलले, आकारामना बोलले, टपावर नाचलेल्या त्या पैलवानाला, बांबवड्याच्या टपरीला, कुणाला म्हणून सोडलं नाही. "माणूस झाकून ठेवायची वस्तू आहे का?" असं काहीतरी मी ओरडत होते. आकाराम खांबाला धरून उभे होते, एवढा आडदांड माणूस, आणि लहान पोरासारखे रडत होते. "वहिनी, पावण्याला पाणी लागू नये म्हणून केलं की वो," एवढंच परत परत म्हणत होते. ते खोटं नव्हतं, आणि म्हणूनच माझा संताप आणखी होत होता. आमच्याकडं माया करायची म्हणजे समोरच्याला झाकायचं, बांधायचं, भरवायचं. त्याला श्वास घ्यायला जागा ठेवायची हे कुणाला सुचत नाही.

अण्णांना पुष्कळ वेळानं आवाज फुटला. त्यांनी आकारामला जवळ बोलावलं.

"खेकडी सगळी संपवलासा काय रं?" ते म्हणाले.

आंबा घाट

सकाळी मी जाहीर केलं, की टोपण निघणार. बापू म्हणाले, अगदीच उघडं कसं ठेवायचं? शेवटी तोडगा निघाला तो असा: टोपण काढून आत ठेवायचं आणि त्याऐवजी आकारामच्या गोठ्यातलं लोखंडी घमेलं चार लांब बोल्टांवर उपडं बसवायचं, खाली चारी बाजूंनी वीतभर मोकळी जागा सोडून. दिसायला ते इतकं वाईट दिसत होतं, की बापूंनी त्याच्याकडं पाठच फिरवली. पण पंखा पहिल्यासारखा मोकळा घोंगावायला लागला.

घाटात सरळ पाऊस घमेल्यावर पडायचा आणि त्याचा असा ताशा वाजायचा, की आत एकमेकांचं बोलणं ऐकू येऊ नये. वाऱ्याबरोबर तिरका आला की आत. म्हणून मी बादली धरून पंख्याखाली उभी. वळणावर तोल जायचा, बादली हिंदकळायची, सांडायची, मी पुन्हा धरायचे. घमेलं आणि छप्पर यांच्यामधल्या वीतभर फटीतून मला काय काय दिसलं म्हणता? शेवाळलेला कातळ, एक फांदी, पांढरा अंधार, पुन्हा कातळ. हाच माझा आंबा घाट.

एका वळणाला मात्र फटीतून ढग आत आला. खरंच आला. पांढरा धूर सावकाश पलंगावर उतरला आणि मी घाबरले, की आता अण्णांना उबळ येणार. अण्णांनी तोंड वर केलं, डोळे मिटले आणि तो ढग नाकानं ओढून घेतला. "ह्यो धूर चांगला हाय," ते म्हणाले. भट्टीवर जन्म काढलेल्या माणसाच्या तोंडून ते ऐकून मला एकदम भरून आलं, आणि तेवढ्यात बादली माझ्याच पायावर सांडली.

घाटाखाली

साखरपा ओलांडलं की माणसं बदलतात. हे मी पूर्वी ऐकलं होतं, या वेळी पटलं. रस्ता विचारायला थांबलो तर छत्रीतल्या गृहस्थांनी रस्ता सांगितला, घमेल्याकडं एकदा बघितलं आणि काहीही न बोलता चालायला लागले. टपावर चढले नाहीत! मला त्यांचे पाय धरावेसे वाटले.

सुरेखाचं सासर म्हणजे चिऱ्याचं बैठं घर, पावसाचा मारा अडवायला पडवीला झावळ्यांची झापं लावलेली. सासूबाई, म्हणजे आमच्या विहीणबाई, बारीक चणीच्या, हळू बोलणाऱ्या. त्यांनी ओलं झालेलं बाळंतविड्याचं गाठोडं बघितलं, पण भिजलं कसं म्हणून चकार शब्द विचारला नाही. मुकाट्यानं एकेक अंगडं पिळून शेगडीवरच्या टोपलीवर वाळत घातलं. कुळथाचं पिठलं आणि तांदळाची भाकरी वाढली. मग ट्रेलरच्या दाराशी येऊन त्यांनी अण्णांना विचारलं, "तुम्हाला काय हवं हो? चहा आणू, की पेज घेता?"

सबंध वाटेवर हा प्रश्न त्यांना विचारणारं बाहेरचं माणूस हे पहिलं.

"नात आणा," अण्णा म्हणाले.

आणि इथं आमचं घोडं अडलं, तेही चांगल्या माणसांपाशी. बाळंतिणीची खोली घराच्या पोटात. खिडकीला गोणपाट, दाराला जाड पडदा, आत शेगडी धगधगलेली आणि ओवा, बाळंतशोपांची धुरी. सुरेखाच्या कानाला फडकं घट्ट बांधलेलं. मी आत जाऊन आले तर माझ्याच डोळ्यांतून पाणी आलं. तिथं अण्णा उंबऱ्यापर्यंतसुद्धा जाऊ शकत नव्हते. आणि बाळ? बाळाला वारा लागता कामा नये.

"मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढीन, हवं ते करीन," विहीणबाई म्हणाल्या, "पण असल्या पावसात पोर बाहेर नाही न्यायची. आमच्यात एक गेलंय असं. मी बघितलंय."

अण्णांना वारा हवा, पोरीला वारा नको. आणि मध्ये एवढंसं अंगण. बारसंसुद्धा माजघरात, दारं लावून, उदाच्या धुरात होणार. ज्याच्यासाठी एवढं रामायण केलं, तो माणूस अंगणात पत्र्याच्या खोक्यात बसून पाळण्याची गाणी ऐकणार आणि परत जाणार! बापूंनी सुचवलं, की खोलीवरची चार कौलं काढून पंखा तिथं बसवू. विहीणबाईंचा चेहरा पांढरा पडला. मी बापूंना हात जोडले, की कृपा करून आता काही बसवू नका.

रात्र तशीच गेली. सकाळी घुगऱ्या शिजत होत्या, बायका जमायला लागल्या होत्या, आणि मी ट्रेलरमध्ये अण्णांना चहा देत होते, तर घरात गलका झाला. बघते तर सुरेखा पडवीत उभी. कानाचं फडकं सोडून टाकलेलं, छातीशी दुपट्यात गुंडाळलेलं बाळ, जावई तिच्यावर छत्री धरून, आणि मागं विहीणबाई, "अगो, निदान कान तरी बांध, कान तरी बांध."

"आई, माझे कान मी नंतर बांधते," सुरेखा म्हणाली. ती सासूला कधी उलटून बोलली नव्हती. "माझे वडील घाट उतरून आलेत. मला अंगण उतरता येत न्हाय व्हय?"

चिखलातून ती आली, पायरी चढली. "काकू, जागा करा की," म्हणाली. मी उठले. तिनं अण्णांच्या मांडीवर पोर ठेवली.

अण्णांचे हात भट्टीनं भाजून भाजून जाड झालेले. त्या हातांना दुपट्याची घडी सुधरेना. पंखा वर जोरात फिरत होता, खिडकीतून ओली हवा येऊन छपराकडं ओढली जात होती, आणि तिच्या वाटेत बरोब्बर ती पोर होती. तिच्या कुंचीचं टोक फडफडत होतं. ती शिंकली. एकदा, मग पुन्हा. दाराशी उभ्या विहीणबाईंनी तोंडावर पदर घेतला.

अण्णांनी वर बघितलं.

"बापू, पंखा बंद कर."

"अण्णा..." बापू म्हणाले.

"आणि खिडक्या लाव. ते घमेलं काढ, तुझं टोपण हाय न्हवं, ते लाव वरनं. ट्यूबबीब लावून गच्च बसव. पोरीला वारं लागालंय."

"आणि तुमचं?" मी जवळजवळ ओरडले. "मलकापुरात काय झालं ते विसरलात?"

"सुमन, तू जरा गप बस की," अण्णा म्हणाले. "माझं मी बघतो."

सुरेखानं बाळ परत घ्यायला हात पुढं केले. अण्णांनी खांदा फिरवला आणि पोर आणखी पोटाशी घेतली.

बापू टपावर चढले. घमेलं काढल्याचा आवाज आला, मग ठोकाठोकी. वरचा उजेड गेला. मी खिडक्या सरकवल्या. माझे हात नको म्हणत होते तरी सरकवल्या. पंखा थांबल्यावर आत एकदम शांत झालं आणि अण्णांच्या छातीतली घरघर ऐकू यायला लागली. आधी हळू, मग मोठ्यानं. त्यांच्या कपाळावर घाम आला. मी दोनदा दाराच्या कडीला हात घातला, दोनदा त्यांनी नुसत्या डोळ्यांनी अडवलं. पोर त्या घरघरीकडं कान लावल्यासारखी पडून राहिली आणि बघता बघता झोपली.

"आनी थोडं," अण्णा म्हणाले. "आनी थोडं बसू दे."

बाहेर पाऊस धो धो कोसळत होता आणि आत एक थेंब येत नव्हता. सबंध प्रवासात त्या टोपणानं पहिल्यांदाच आपलं काम चोख केलं होतं, आणि ते उचकटून लांब फेकून द्यावं म्हणून माझे हात शिवशिवत होते.